मागच्या मेंढराची पाठ

आष्टीच्या अलीकडं, माळावर, धनगरांची एक वस्ती आहे. पंचवीस-तीस घरं, बिरोबाचं ठाणं, दोन लिंबाची झाडं आणि बाकी सगळा दगड. त्या वस्तीवर धुळाजी राहायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, हातात कुठली सत्ता नव्हती, जमीन म्हणाल तर तीन एकर खडक. तरी परतूरपासून भोकरदनपर्यंतची माणसं त्याला बोलावणं धाडायची आणि त्यानं एकदा शब्द दिला की त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. हा मान होता धुळाजीच्या उजव्या हाताचा.

हे जरा सविस्तर सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्याच्याकडं मेंढरं आहेत पण राखायला घरात माणूस नाही, तो आपला कळप दुसऱ्या धनगराच्या हवाली करायचा. दिवाळीपासून दिवाळीपर्यंत. वर्ष सरलं की त्यानं कळप बरा राखला की वाईट, याचा निवाडा व्हायचा. मालकानं निवाडा करायचा नाही, राखणाऱ्यानं तर नाहीच नाही. दोघांच्या मधला तिसरा माणूस बोलवायचा आणि धुळाजी हा असा तिसरा माणूस होता. राखण चांगली ठरली तर मालक सगळ्यांसमोर राखणाऱ्याच्या खांद्यावर नवं घोंगडं टाकायचा. वाईट ठरली तर कळप माघारी जायचा आणि त्या माणसाला पुन्हा कुणी मेंढरू राखायला द्यायचं नाही.

धुळाजी दिवस मावळायच्या आधी जायचा. मेंढरं जाळीच्या वाघुरीत कोंडलेली असायची. राखणारा मोठ्या हौसेनं मोहरचे, म्हणजे कळपाच्या पुढचे, मेंढे दाखवायचा. शिंगांना रंग, गळ्यात गोंडे, अंग असं की हात लावला तर सरकावा. धुळाजी तिकडं बघायचाही नाही. मोहरचा मेंढा चोराच्या घरीही तगडाच असतो, असं म्हणायचा आणि वळसा घालून कळपाच्या मागं जायचा. जे लंगडतंय, ज्याला बाकीची मेंढरं चाऱ्यावरून ढकलून देतात, जे पाण्यावर शेवटी पोचतं, ते धरायचा. बरगड्या संपतात तिथं पाठीवर तळवा ठेवायचा. कणा टोचला तर समजायचं, पोटाला मिळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी ओढायचा. आत लाल असलं तर ठीक, पांढरं असलं तर आतून पोखरलेलं. अशी मागची दहा मेंढरं बघितली की झाला निवाडा. राखणारा म्हणायचा, औंदा पाऊस नव्हता, रोग आल्ता. धुळाजीचं उत्तर ठरलेलं असायचं, पाऊस सगळ्यालाच कमी पडला. तुझ्या मोहरच्या मेंढ्याला बराबर पुरला तो?

एक्क्याऐंशी साली हसनाबादकडं असाच निवाडा होता आणि राखणारा होता रखमाजी, धुळाजीच्या बायकोचा, आसराबाईचा सख्खा भाऊ. सगळ्यांना वाटलं, मेव्हण्याला सांभाळून घेईल. धुळाजीनं मागची सात मेंढरं चाचपली आणि हात झटकून उभा राहिला. राखण वाईट, म्हणाला. रखमाजीचा कळप गेला, गावात नाचक्की झाली, तो चार वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन रोजानं फिरला. जाताना एवढंच म्हणाला की आता तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आसराबाई महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. भाकर वाढायची आणि तोंड फिरवून बसायची.

एवढा कडक माणूस. पण कडक माणूस चुकतो तेव्हा तोही दणकून चुकतो, आणि चुकीला साक्षीदार गाव असतं.

पंच्याऐंशीच्या सुमाराला आष्टीच्या बाजारतळावर एका मोठ्या पुढाऱ्याची सभा होती. थेट दिल्लीत बसणारा माणूस. धनगर समाजातर्फे साहेबांना काठी न् घोंगडं द्यायचं ठरलं, आणि ते द्यायला धुळाजीशिवाय दुसरं कोण? धुळाजीनं पांढराशुभ्र पटका बांधला. साहेब उंचापुरा, हसरा, खादीला कडक इस्त्री. त्यांनी धुळाजीच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय पाहिजे बाबा? धुळाजी म्हणाला, बायाबापड्यांसाठी दवाखाना पाहिजे. साहेबांनी माईकवरून तिथंच सांगून टाकलं, दिला. धुळाजीनं भरल्या डोळ्यांनी घोंगडं त्यांच्या खांद्यावर टाकलं. फोटो निघाला, काचेच्या चौकटीत बसवून घरात लागला. चार तालुक्यांतली माणसं म्हणाली, धुळाजीनं घोंगडं टाकलंय, म्हणजे माणूस तपासूनच घेतला असणार. हे त्याच्या कानावर यायचं आणि त्याला बरं वाटायचं.

दवाखाना झाला, खोटं कशाला बोला. खालच्या गावात दोन खोल्यांची इमारत उठली, भिंतीवर लाल खूण आली. नर्सबाईंचा पत्ता मात्र नव्हता. नेमल्या होत्या म्हणे, पण राहायच्या शहरात. झेंड्याच्या दिवशी कुलूप निघायचं आणि झेंडा उतरला की लागायचं. धुळाजी तीन वेळा विचारायला गेल्ता. तिन्ही वेळा त्याला चहा पाजून माघारी लावलं. मग त्यानंही नाद सोडला, मेंढरांमागं जीव मेटाकुटीला आला होता.

ब्याण्णवच्या आषाढात त्याची सून गोपिकाबाई अडली. पहिलटकरीण, वय एकोणीस. धुळाजी आणि त्याचा मुलगा आबाराव यांनी तिला बैलगाडीत घातलं, आसराबाईला सोबत घेतलं आणि दवाखान्यापाशी आणलं. कुलपाला गंज चढला होता, ओसरीवर कुणाच्या तरी शेळ्या बसल्या होत्या. आबारावानं दगडानं कुलूप फोडलं. आत एक लोखंडी खाट आणि चिमण्यांची घरटी. तशीच गाडी परतूरच्या वाटेला लावली. अर्ध्या वाटेवर, एका लिंबाखाली, आसराबाईच्या हातावर मुलगी जन्मली आणि गोपिकाबाई गेली. रक्त थांबलंच नाही. गाडीच्या साटीतून ते खाली मातीत ठिबकत होतं, आणि बैल बिचारे निमूट उभे होते.

तेराव्यानंतर धुळाजीनं भिंतीवरचा फोटो उतरवला आणि रिकाम्या कणगीत टाकला. आसराबाईला म्हणाला, "साऱ्या जन्मात म्या एकदाच राखणाऱ्याचं तोंड पाहून घोंगडं टाकलं. मागं जाऊन एक बी मेंढरू चाचपलं न्हाई. माझ्या चुकीनं गेली सून." आसराबाई त्याला समजावू लागली, तर त्यानं हातानंच थांबवलं. त्या दिवसापासून त्यानं दुसऱ्यांचे निवाडे करणंही सोडलं. बोलावणी यायची, तो नको म्हणायचा.

मुलीचं नाव बेबीनंदा ठेवलं. आबारावानं दुसरं लग्न केलं नाही. दोनदा पाहुणे आल्ते, दोन्ही वेळा तो मेंढरांचं निमित्त काढून निघून गेला. पुढं मेंढरंही फारशी राहिली नाहीत. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चराईची रानं बंद झाली. सव्वाशेचा कळप विसावर आला. आबाराव अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीदाराविना एकटाच, अंकुशनगरच्या कारखान्यावर ऊसतोडीला जायला लागला आणि चाळिशीच्या आतच कमरेतून वाकला. आसराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दिसायचं बंद व्हायच्या आधी तिनं शेवटच्या लोकरीची सूतकताई केली, चिंचोक्याची खळ लावून एक काळंभोर घोंगडं विणून घेतलं आणि घडी घालून ठेवलं. बेबीनंदाच्या लग्नाला, म्हणाली. घरातली ती एकच चांगली वस्तू.

बेबीनंदा नऊ वर्षांची असल्यापासून चूल तिच्याकडं. पाणी, भाकरी, मेंढरांची झाडलोट, आजीचा हात धरून तिला बाहेर नेणं. आधी आजोबाचं ताट, मग बापाचं, मग आजीचं. तू खाल्लंस का गं, असं आजोबानं कधी विचारलं तर म्हणायची, "मी मागून खाते, आज्या." धुळाजीचा तिच्यावर फार जीव. येता-जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. फक्त डोक्यावरून.

दोन हजार चार साल उजाडलं. उन्हाळ्यात पुन्हा निवडणूक, पुन्हा दिल्लीचा पुढारी, पुन्हा आष्टीचाच बाजारतळ. हे साहेब नवे होते. वस्तीवर काकासाहेब आले. काकासाहेब म्हणजे तालुक्याचे कार्यकर्ते, जीपमधून उतरताना आधी गॉगल उतरवायचे. त्यांना धुळाजीच्या हातचं घोंगडं पाहिजे होतं. जुनी माणसं अजून त्या हाताला मानतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धुळाजी नको म्हणाला. काकासाहेब हसले, आबारावाकडं वळले आणि म्हणाले की आश्रमशाळेत पहारेकऱ्याची जागा आहे, साहेबांचा एक शब्द पुरे. यादीत नाव घालतो, म्हाताऱ्याला तेवढं स्टेजवर आणा.

आबाराव नुसता भिंतीला टेकून, कमरेखाली हात घालून बसला. धुळाजी त्या बसण्याकडं बघत राहिला. एका घोंगड्यापायी पोराची कंबर वाचणार असेल तर आपला नेम काय चुलीत घालायचा? विकतची घोंगडी आता यंत्राची, धाग्यात निम्मी लबाडी. ते द्यायला त्याचा हात धजेना. शेवटी आसराबाईनंच चाचपत जाऊन बेबीनंदाच्या लग्नाचं घोंगडं काढून दिलं. म्हणाली, पोरीच्या बापाला नोकरी लागली तर पोरीचंच भलं हाय.

सभेच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वस्तीच्या बायका-मुली आणल्या होत्या. बेबीनंदाही आली होती. धुळाजीला काकासाहेबांनी स्टेजच्या कडेला खुर्ची दिली. साहेब अकराला यायचे होते, दोन वाजले तरी पत्ता नव्हता. मांडवात पुढच्या रांगांना पंखे, थंड पाण्याचे जार, हार घातलेली माणसं. धुळाजी बसल्या जागी चुळबुळ करायला लागला. जन्मभर तो कळपात मागूनच शिरलेला. त्याला मोहरं बसवेना. घोंगडं खांद्यावर टाकून तो उठला आणि वळसा घालून मांडवाच्या मागच्या टोकाला गेला.

मागं मांडव संपला होता. बायका भर उन्हात, पदर डोक्यावर ओढून, दगडांवर बसल्या होत्या. पाण्याचा जार तिथवर आलाच नव्हता. आजोबाला बघून बेबीनंदा घरून आणलेली पाण्याची बाटली घेऊन उठली. दोन पावलं आली आणि तिचे डोळे फिरले. धुळाजीनं पुढं होऊन तिला धरलं. त्याचा उजवा तळवा तिच्या पाठीवर पडला, बरगड्या संपतात नेमका तिथं.

हाताला कणा लागला. एकेक मणका मोजावा असा.

तळवा जागच्या जागी राहिला. मग, अंगठ्याला सवय होती म्हणून असेल, त्यानं तिची खालची पापणी ओढली. आत पांढरंफटक. बारा वर्षांची पोर, त्याच्याच घरातली, त्याचीच भाकर थापणारी, आणि त्याला ठाऊक नाही! लोकांची मेंढरं चाचपत चार तालुके पालथे घातले आणि आपल्या दिव्याखालचा अंधार काही दिसला नाही. त्यानं पोरीच्या तोंडावर पाणी मारलं, तिला सावलीला निजवलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, काय खाल्लंस? ती म्हणाली, काल भाकरी कमी पडल्या, आज्या. लाजून म्हणाली, जणू चोरीच केली होती.

तेवढ्यात भोंग्यावरून त्याचं नाव आलं. साहेब आले होते. आबाराव गर्दीतून धावत आला, लेकीकडं एक नजर टाकली आणि बापाला म्हणाला, दादा, जल्दी चला. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं, लेकीसाठी की नोकरीसाठी हे त्यालाही सांगता आलं नसतं.

धुळाजी स्टेजवर चढला. साहेब उठून उभे राहिले, मान जरा झुकवली, म्हणजे घोंगडं टाकायला सोपं जावं. फोटोवाले सरसावले. धुळाजीनं घोंगडं खांद्यावरून काढलं, हातात धरलं आणि तसाच उभा राहिला. काकासाहेबांनी मागून ढोसलं. तेव्हा तो बोलायला लागला. माईक साहेबांच्या तोंडासमोर होता, त्यामुळं सगळ्या बाजारतळाला ऐकू गेलं.

"साहेब, राग मानू नका. आमच्यात मोहरचा मेंढा पाहून घोंगडं टाकत न्हाईत. मागचं मेंढरू चाचपून टाकतेत. म्या आत्ताच मागं जाऊन आलो. जे पहिलं हाताला लागलं, ते माझ्याच घरचं निघालं. माझी नात हाये. तिच्या पाठीत मांस न्हाई, डोळ्यात रक्त न्हाई. घरचा धनगर म्या, अन् देशाचे तुमी. माझी राखण वाईट ठरली. माझी वाईट, तर तुमची चांगली कशी म्हनू? हे घोंगडं आज कोन्हालाच न्हाई."

आणि मग काय व्हावं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. धुळाजीला नमस्कार केला, बाबांचं अगदी खरं आहे म्हणाले आणि माईक ओढून पाऊण तास बोलले. धुळाजी घोंगडं घेऊन खाली उतरला. शिव्या पडल्या असत्या तर त्याला एवढं लागलं नसतं, जेवढ्या त्या टाळ्या लागल्या.

त्या संध्याकाळी घरी बेबीनंदा नेहमीसारखी चुलीपुढं बसली. धुळाजी म्हणाला, पहिली भाकर तुझी. पोरीला काही केल्या घास गिळेना. दोन मोठी माणसं आपल्या तोंडाकडं बघत बसलीत, असं तिच्या जन्मात कधी घडलं नव्हतं. शेवटी आसराबाई म्हणाली, अरे तिकडं तोंड तरी फिरवा. दोघे बापलेक दाराकडं तोंड करून बसले, तेव्हा ती जेवली.

पहारेकऱ्याची नोकरी अर्थातच आली नाही. आबाराव चार दिवस बापाशी बोलला नाही. पण बेबीनंदाला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात त्यानंच नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात निम्मंच रक्त आहे, ही चालते कशी? लाल गोळ्या आणल्या, घरात गूळ-शेंगदाणे आले, दोन शेळ्या घेतल्या त्यांचं दूध पोरीला. पाणी आणायचं काम धुळाजीनं स्वतःकडं घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी तो डोक्यावर घागर घेऊन माळ चढायचा आणि वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

दिवाळी आली. धुळाजीनं हसनाबादला निरोप धाडला. तेवीस वर्षांनी रखमाजी मेव्हण्याच्या दारात उभा राहिला, तोही बहीण आंधळी झाली हे ऐकून. त्याला वाटलं, म्हातारा माफी मागणार. धुळाजी म्हणाला, "आपल्या कळपाचा निवाडा आपुन करत न्हाईत. तू कर. तुझा हात माझ्यावर नरम पडणार न्हाई, म्हनून तुलाच बोलावलंय." रखमाजी उंबरा ओलांडून आत आला. मग त्यानं बेबीनंदाला जवळ घेतलं, पाठीवर तळवा ठेवला, पापणी ओढली. पापणी ओढून धरूनच त्यानं धुळाजीकडं बघितलं.

"लाली आली म्हनता येईल," तो म्हणाला. "पण कणा अजून टोचून राह्यला. औंदा घोंगडं न्हाई."

"बराबर केलंस," धुळाजी म्हणाला आणि त्यानं मेव्हण्याच्या पायाला हात लावला. तेवीस वर्षांचं जे काही होतं, ते त्या दोघांनी तिथं कसंबसं गिळलं. आसराबाई भिंतीशी बसून डोळे पुसत होती. घोंगडं पुन्हा घडी घालून ठेवलं.

पुढच्या दिवाळीला रखमाजी आपणहून आला. बेबीनंदा बोटभर उंच झाली होती, शाळेत जाऊ लागली होती आणि आजोबाशी भांडायलाही शिकली होती. रखमाजीनं या खेपेला दोनदा चाचपलं, दोन्ही पापण्या बघितल्या. मग उठला, उतरंडीवरचं घोंगडं काढलं, झटकलं आणि धुळाजीच्या खांद्यावर टाकलं.

धुळाजी रडला. तेराव्यालासुद्धा त्याला असं रडताना कुणी बघितलं नव्हतं. सून आठवली, गाडीखालची ओली माती आठवली, उन्हात कोसळलेली पोर आठवली. जरा वेळानं त्यानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं, घोंगडं खांद्यावरून काढून नातीच्या अंगावर घातलं आणि काठी उचलली.

"हे एक मेंढरू झालं," तो रखमाजीला म्हणाला. "वस्तीत अजून अकरा पोरी हायेत. ऊठ. त्या तिकडच्या शेवटच्या घरापासून सुरू करू."

आणि दोघे म्हातारे वस्तीला वळसा घालून मागच्या अंगाला निघाले.